आग्नेयेकडून येणारी मराठी

मागच्या श्रावणातली गोष्ट. शाळेतली मीटिंग ऐनवेळी रद्द झाली म्हणून मी सातच्या सुमारालाच इंदूरच्या आमच्या घरी पोचले. कुलूप नव्हतं, दार नुसतं ओढून घेतलेलं, आत अंधार, देवापुढे समई तेवढी जळत होती आणि आई कुठेच नाही. आई ७८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, लिफ्टमध्ये एकटी जायला घाबरते. बाथरूम पाहिलं, शेजारी विचारलं, गच्चीवर जाऊन आले, तोवर माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं. खाली उतरले तर पार्किंगच्या कोपऱ्यात आमच्या चौकीदाराची खोली आहे, तिच्या दाराशी आईच्या चपला. नीट जोडीने ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवते तशा. आणि आतून, पावसाच्या आवाजातून, स्वच्छ मराठी ऐकू येत होती. कोकणात येत्या दोन दिवसांत मुसळधार पाऊस.

खोलीत एकच खाट. खाटेच्या टोकाला आई पाय वर घेऊन बसलेली, खाली चौकीदाराची बायको गवार मोडत होती, त्यांची तिसरीतली पोरगी वही मांडीवर घेऊन गणितं करत होती, आणि फळीवरच्या छोट्याशा टीव्हीवर सह्याद्री लागलेलं, सातच्या बातम्या. ही सगळी मध्य प्रदेशातल्याच निमाडातली माणसं, बडवानीकडची, घरात निमाडी बोलणारी, पण आईसाठी सगळी गप्प राहून महाराष्ट्राच्या बातम्या ऐकत होती. पाऊस एकदम जोरात आला तसे चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटायला लागला. मी म्हटलं, आई चल वर. तर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "थांब गं, पाऊस जरा ओसरला की येतं परत. हवामान होऊ दे, मग निघू."

एवढंच झालं.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आई खाली गेली ह्याचं वाईट वाटलं असं नाही, म्हणजे ते वाटलंच, पण जास्त लागलं ते तिचं "येतं परत". पाऊस किती ओसरला की चित्र परत येतं हे तिला माहीत होतं. एक-दोनदा जाऊन हे कळत नाही. विचारलं तेव्हा म्हणाली चैत्रापासून जातेय, तू यायच्या आत वर येते, तुला उगाच कशाला सांगायचं. म्हणजे चार-पाच महिने माझी आई रोज संध्याकाळी तीन मजले उतरून दुसऱ्याच्या खाटेवर बसून आपल्या भाषेतल्या बातम्या ऐकत होती, आणि वर आमच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही भिंतीवर काळा होऊन बसलेला.

तो टीव्ही मीच आणला होता. आधी घरी एका कंपनीची छत्री, म्हणजे डिश होती, महिन्याचं रिचार्ज, मग एकदा रिचार्ज संपलं आणि आम्ही भरलंच नाही, कारण मुलाचं सगळं मोबाईलवर, आमचं दोघांचं नेटवर, कुणाला त्याची गरज उरली नव्हती. आईला मी दाखवलं होतं की नेटवर सह्याद्रीसुद्धा येतं, हे बघ, इथे जायचं, मग हे दाबायचं, मग इथे शोधायचं. तिने मान हलवली. टीव्ही लावला की पहिल्यांदा सिनेमांची ती चित्रंच चित्रं येतात, त्यात बाण कुठे आहे ते तिला दिसत नाही, एक बटण चुकलं की भलतंच काहीतरी सुरू होतं आणि ती घाबरून रिमोट उशीखाली ठेवते. हे सगळं मी पाहिलेलं होतं. पाहून पुढे गेले होते. ती म्हणायची, मला काही नको टीव्ही-बिव्ही, डोळे दुखतात, आणि मी ते खरं मानलं कारण मानणं सोपं होतं.

आईला रत्नागिरीच्या हवामानाचं काय करायचंय असं नवऱ्याने विचारलं, चांगल्या मनानेच विचारलं. तिचं लग्न होऊन ती इंदूरला आली त्याला ५३ वर्षं झाली. माहेरचं घर विकून पण पंचवीस एक वर्षं झाली असतील. पण पाऊस तिथे पडतोय हे तिला रोज कळायला हवं असतं, त्यावर मी काय सांगणार.

आमचं जुनं घर रामबागेत, वाड्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. टीव्ही यायच्या आधी आमच्याकडे मावशीची पत्रं यायची. मावशी दादरला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि मावशीच्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे पहिला सेट आला त्यांच्या घरी सगळा मजला जमायचा म्हणे. तेव्हापासून तिच्या अंतर्देशीय पत्रात कुणाचं बारसं, कुणाचं ऑपरेशन, नळाला पाणी किती वाजता, ह्याच्या खाली बारीक अक्षरात काय काय पाहिलं तेही असायचं. नाटकाची गोष्ट लिहिता लिहिता जागा संपली की ती घडीच्या कडेने, उभं-आडवं लिहायची. आई ते पत्र जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचायची, मधले संवाद आले की आवाज बदलायची, आणि बाबा पान लावता लावता ऐकायचे. म्हणजे मराठी टीव्ही आम्ही बरीच वर्षं असा पाहिला, निळ्या कागदावर, आठ-दहा दिवस शिळा.

मग आमच्याकडे सेट आला, मी चौथीत असेन. पत्र्यावर अँटेना, बाबा वर, आम्ही खाली. चित्र लख्ख यायला लागलं पण सगळं हिंदी, दिल्लीचं. मला वाटायचं अँटेना जरा मुंबईकडे वळवली तर मावशीवालं लागेल. बाबांना सांगितलं. त्यांनी मला "असं नसतं बेटा" म्हटलं नाही, शाळेचा नकाशा मागवला, इंदूर कुठे मुंबई कुठे ते पाहिलं, आणि एका रविवारी खरोखर पत्र्यावर चढून अँटेना नैर्ऋत्येला फिरवली. खाली नुसती मुंग्यांची खरखर. पाच मिनिटं आम्ही ती खरखर पाहत बसलो. आई पुढे सरकून अगदी काचेजवळ गेली होती, अजून डोळ्यापुढे आहे ते, त्या करड्या उजेडात तिचा चेहरा. टॉवरचं टीव्ही जमिनीलगत थोड्याच अंतरावर पोचतं, मध्ये सातपुडा काय नि सह्याद्री काय, ५००-६०० किलोमीटर ते येणं शक्यच नव्हतं. बाबांना हे नक्की माहीत असणार, ते वीज खात्यात होते.

नव्वदीत केबल आलं आणि एक दिवस आईला अचानक मराठी दिसलं, ती स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आली होती. पण केबलवाल्याचा नेम नाही, आज आहे उद्या नाही, तक्रार केली की म्हणे आँटी, आपके अलावा कोई पूछता नहीं.

तर त्या श्रावणातल्या रात्रीनंतर मी ठरवलं की आईला तिचं सह्याद्री घरात, एका बटणावर, आणि कुणाच्या मर्जीवर नसलेलं मिळालं पाहिजे. फ्री डिश, दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरी येणारी फुकट सेवा. २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा तिला डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे. महिन्याचं काही नाही, एकदाच सामान घ्यायचं, वर लावायचं. सामान म्हणजे काय, एक छत्री, तिच्या तोंडाशी एलएनबी, म्हणजे उपग्रहाची लाट पकडून केबलमध्ये सोडणारी डबी, एक केबल, एक बॉक्स. वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. पण मी वाचायला लागले तसं त्यात बुडतच गेले, रोज रात्री सगळे झोपले की वही घेऊन बसायचे. ह्या वाचनात मला सगळ्यात काय आवडलं सांगू? १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर आपल्याला वापरायला मिळाला होता, सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला, त्यात आपल्या मध्य प्रदेशातली, आता छत्तीसगडात गेलेली रायपूरकडची गावंही होती, आणि त्या गावांत बसवलेल्या १० फुटी छत्र्या होत्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या! इथे आम्ही रामबागेत पत्रं वाचत होतो तेव्हा तिकडे कुणाच्या तरी शाळेच्या छपरावर आकाशातून टीव्ही उतरत होता. नंतर केबलवाल्यांच्या गच्चीवर पण तशाच अवाढव्य छत्र्या आल्या. फ्री डिशचं प्रसारण वेगळ्या, जास्त उंच फ्रिक्वेन्सीवर, केयू बँडवर होतं, लाट जेमतेम अडीच सेंटिमीटरची, म्हणून दोन फुटी छत्री पुरते. आणि म्हणूनच मोठ्या सरीत ते तुटतं, एवढी छोटी लाट पावसाच्या थेंबांतच जिरते. आईचं "पाऊस ओसरला की येतं" मला त्या रात्री पुस्तकी भाषेत परत भेटलं.

उपग्रह आहे जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व. मी मुलाचा ॲटलास काढून बोट ठेवून पाहिलं, तर ती जागा समुद्रात, सुमात्राच्या पश्चिमेला. म्हणजे बातम्या वाचणारी बाई बसते वरळीला, तिचा आवाज दिल्लीला जातो, दिल्लीहून ३६,००० किलोमीटर वर चढतो, आणि तिथून इंदूरला उतरतो तो आग्नेयेकडून. बाबांनी अँटेना फिरवली होती त्याच्या भलत्याच दिशेने. आईला हे सांगितलं तर म्हणाली, आग्नेय म्हणजे चुलीची दिशा, बरोबरच आहे. आणि वरून जो झोत पडतो तो रत्नागिरीवर पडतो तोच आणि तेवढाच इंदूरवर, दादरवर, बडवानीवर. इंदूरच्या मराठी माणसाला आपली भाषा नेहमी कुणाच्या तरी हातून, उशिरा मिळालेली आहे, मुंबईचा पेपर दुसऱ्या दिवशी, नाटक वर्षा-दोन वर्षांनी दौऱ्यावर आलं तर, दिवाळी अंक कुणी आणले तर. ही एकच गोष्ट अशी होती की ती मुंबईत पोचते त्याच क्षणी इथे पोचते. मला हे कळायला पन्नाशी यावी लागली.

जेल रोडला गेले. तिथल्या एका जुन्या, अरुंद दुकानात गल्ल्यावर म्हातारे दुकानदार, मागे छतापर्यंत खोकी. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं, मी सुरुवात केली की छत्री ६० की ७५ सेंटिमीटर, एलएनबी कुठली, बॉक्स एमपेग-२ की एमपेग-४, म्हणजे चित्र आटवून पाठवायची जुनी पद्धत की नवी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "देखना किसको है?"

मी म्हटलं, आई को. माँ को.

त्यांनी हातातला बॉक्स परत फळीवर ठेवला आणि आतून दुसरा मागवला. दोन्ही बॉक्स आतून तसे सारखेच, फरक रिमोटचा. पहिल्याचा रिमोट बोटभर, बटणं हरभऱ्याच्या डाळीएवढी. दुसऱ्याचा लांब, जाड, आकडे पांढरे नि मोठे. म्हणाले उंगलियाँ कैसी हैं उनकी, दबता है? मला उत्तर देता येईना. आईची बोटं सांध्यांशी सुजलेली आहेत, सकाळी दुधाची पिशवी तिला फाडता येत नाही, हे मला माहीत आहे, पण बटण दाबता येतं का हे मी कधी बघितलं नव्हतं. मी तिथे खोक्यांच्या गर्दीत उभी राहून तिची बोटं आठवत होते. बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलेलं.

बाकी त्यांनी बरंच शिकवलं. बॉक्स एमपेग-४ वालाच घ्या, एमपेग-२ चा स्वस्तात मिळतो पण त्यावर अर्ध्या वाहिन्या उघडणारच नाहीत, आणि जुन्या कंपनीचा बॉक्स असला तर तो ह्या कामाला चालत नाही, छत्री मात्र कुठलीही चालते, पत्र्याला कंपनी नसते. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० लिहिलेली. तिच्या खोक्यावर ०.१ डीबी, म्हणजे खरखर कमी, असं मोठ्ठं छापलेलं असतं ते बघूच नका, सगळ्यांवरच छापतात, तुम्ही तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण घट्ट आहे का बघा, पाणी तिथूनच शिरतं. केबल आरजी-६, आतली तार तांब्याची मागा, तांब्याचा नुसता मुलामा असतो बऱ्याच जणांत. आणि मध्ये जोड नाही. कितीही लांब असू दे, एक सलग तुकडा. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. साडेबाराशेला बॉक्स झाला. छत्री मी तेव्हा घेतली नाही, म्हटलं आधी गच्ची बघते.

गच्चीवर आमच्या चौकीदाराची छत्री होतीच. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी पडून पडून तिच्यावर क्षाराची पांढरी चादर, नट गंजलेले, एक पाय विटेने दाबलेला. ह्याच गंजक्या ताटलीतून माझ्या आईला पाच महिने मराठी मिळत होती. आमची नवी छत्री कुठे लावायची तर जागाच नाही, एका बाजूला टाकी, दुसरीकडे शेजारच्या बिल्डिंगची भिंत, आग्नेय मोकळी दिसते ती नेमकी ह्याच्याच कोपऱ्यातून. लावणारा पोरगा आला होता, वीस-बावीसचा, गळ्यात सिग्नलचा मीटर. तो म्हणाला दीदी, दो छतरी क्यों, एलएनबी बदल दो, दो मुँह वाली डाल दो, दोनों घर चल जाएँगे. ट्विन एलएनबी. एका तोंडाची असेल तर दोन बॉक्स जोडता येत नाहीत नीट, कारण बॉक्स त्याच केबलमधून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून एलएनबीला कळतं की उभी लाट घ्यायची की आडवी, दोन बॉक्स दोन गोष्टी सांगायला लागले की गोंधळ. दोन तोंडांची असली की ज्याची त्याची केबल, ज्याचं त्याचं. एकाच तारेतून वीज वर जाते आणि चित्र खाली येतं, हे ऐकून मी त्या काळ्या केबलकडे वेगळ्याच नजरेने पाहायला लागले.

आता प्रश्न असा की छत्री चौकीदाराची. मी त्याला कसं विचारायचं? बिल्डिंगमध्ये आम्ही त्याला पगार देणारे, दिवाळीला कपडे देणारे, आणि मला त्याच्याकडे मागायला जायचं होतं. विचारताना माझी जीभ जड झाली हे खरं. तो सहज म्हणाला, लगा लो ना दीदी. मग थोडं थांबून म्हणाला, नई छतरी लगाने का मैं भी सोच रहा था, पर अम्मा का चैनल आता है ना, निशाना हिल जाए तो अम्मा क्या देखेगी, इसलिए हाथ नहीं लगाया. मी काहीच बोलू शकले नाही. घरी येऊन आईला हे सांगितलं, तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली त्याच्या बायकोला सांग शुक्रवारी पुरणपोळ्या देते.

मग ठरलं असं की ताटली नवी, ७५ ची, मी घ्यायची, दोन्ही घरांसाठी. साठची पुरते तसं म्हटलं तर, पण पंचाहत्तरचं क्षेत्रफळ दीडपट भरतं, पावसात थोडी जास्त तग धरते, आणि आईचं हवामान सगळ्यात जास्त पावसातच बघायचं असतं. वारा जास्त खाते म्हणून पाय विटेने नाही, स्लॅबला बोल्ट मारून. त्याची जुनी साठची त्याला गावी न्यायची होती, त्याच्या आईकडे. तिथे टीव्ही आहे, छत्री वादळात मोडली होती. काढायच्या आधी मी तिच्या पट्टीवर जिथे नट होता तिथे मार्करने रेघ मारून ठेवली. बडवानी इथून काही फार लांब नाही, आकाशाकडे उचलायचा कोन जवळजवळ तोच येतो, ५७ अंश. दिशा दक्षिणेपासून पूर्वेकडे ४० अंश सरकवायची, त्यासाठी गावी चौकीदाराने मोबाईलचं होकायंत्र वापरलं. एलएनबी पण सरळ बसवायची नसते, सुमारे ३६ अंश तिरकी फिरवायची, तीही रेघ मारली. बघताना ताटली ५७ अंश आकाशाकडे वळलेली वाटतच नाही, चांगली उभीच वाटते, कारण ह्या छत्र्यांचा आकार असा असतो की झोत खालच्या अंगाला, एलएनबीच्या हातावर पडावा. मला हे कळायला दोन रात्री लागल्या, चौकीदाराला रेघ बघून दोन मिनिटांत कळलं.

जोडायच्या दिवशी पोरगा वर, मी खाली टीव्हीपुढे, फोनवर. स्क्रीनवर दोन पट्ट्या, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ तर केबल लावली की भरतेच, तिला भुलायचं नाही. क्वालिटीची शून्यावर. पोरगा केसाकेसाने सरकवत होता. शेजारी ९५ अंशावर दुसरे उपग्रह बसलेत, दीड अंशाचं अंतर, आकाशात तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढं, आणि एवढ्याशा फरकाने भलत्याच वाहिन्या लागतात. आई मागे खुर्चीत बसलेली. पट्टी हलली, पडली, मग एकदम हिरवी झाली आणि तिथेच राहिली. मी स्कॅन लावलं, नावं खाली खाली उतरत गेली, त्यात सह्याद्रीचं नाव आलं तेव्हा आई खुर्चीतून पुढे सरकली. पत्र्यावरच्या खरखरीच्या रविवारी सरकली होती तशी.

त्यानंतरची कामं बारीक होती पण माझ्या मते खरी तीच होती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी एक जागा असते, चालू झाल्यावर थेट एचडीएमआयवर, म्हणजे बॉक्स जोडलाय त्या जागेवर, उघड, ती शोधली, म्हणजे सिनेमांची चित्रं मध्ये येणारच नाहीत. बॉक्सला सांगितलं की बंद करताना जे लागलेलं असेल तेच चालू करताना लाव. फेव्हरेटमध्ये आईच्या सहाच वाहिन्या. माझ्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या दोन रिमोटच्या चालू-बंदच्या बटणांवर चिकटवल्या, आणि शाळेच्या वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आधी हा, मग हा. खासगी वाहिन्यांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, एप्रिलच्या सुमाराला काही जातात काही येतात, तेव्हा परत स्कॅन करायला लागतं, तेवढं माझं काम. पहिल्या संध्याकाळी तिने दोन्ही टिकल्या एकामागे एक दाबल्या, बटणं बसायला जरा जोर लागला, आणि बातम्या लागल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आवाज मोठा आहे इथला, तिथे छोटा होता.

आठवड्यातून दोनदा तरी चपला अजून खालीच असतात. मी आता गच्चीपर्यंत शोधत जात नाही.

ह्या वर्षी रंगपंचमी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आली. चौकीदार दोन दिवस गावी गेलेला, बायको-पोरगी इथेच. नवरा आणि मुलगा सकाळीच राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला पळालेले, लांबून ढोलांचा आणि पाण्याच्या टँकरचा आवाज येत होता, हवेत गुलालाचा वास, स्वच्छ निळं आकाश, ढगाचा ठिपका नाही. आई आणि ती पोरगी हॉलमध्ये, सह्याद्रीवर गाण्यांचा कार्यक्रम, मी आत पोह्यांना फोडणी देत होते. अकरा वाजून गेले असतील. आई ओरडली, अगं गेलं! बाहेर येऊन पाहते तर चौकोन चौकोन, मग काळं. आई खिडकीबाहेर बघायला लागली, म्हणाली पाऊस तर नाही.

मी गॅस बंद केला आणि गच्चीवर गेले. ऊन चटचटीत होतं. नव्या ताटलीच्या पांढऱ्या पत्र्यावर एलएनबीची सावली पडली होती, बरोब्बर खालच्या काठाच्या मधोमध, जशी कुणी मोजून ठेवावी. वाचलं होतं मी, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य थोडा वेळ अगदी उपग्रहाच्या पाठीमागे येतो, आणि त्याच्या गोंगाटात एवढ्याशा उपग्रहाचा आवाज हरवतो. वाचलं होतं पण बघितलं नव्हतं. म्हणजे ह्या सावलीच्या रेषेत, डोळे दिपतात तिथे, ते यंत्र होतं. मी हाताने सूर्य झाकून तिकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. चौकीदार, गावाहून. दीदी, ऊपर कुछ हिल गया क्या, माँ देख रही थी, चला गया, मैंने सोचा रेघ गलत लगाई. मागे त्याची आई निमाडीत काहीतरी बोलत होती, मोठ्याने, काळजीच्या सुरात. मी म्हटलं रेघ बरोबर है, हमारा भी गया है, सूरज पीछे आ गया, हाथ मत लगाना, दस मिनट रुको.

तो थांबला. मीही फोन ठेवला नाही. राजवाड्याकडून ढोल येत होते. सावली काठावरून केसभर सरकली असेल नसेल, आणि खालून आमच्या खिडकीतून गाणं सुरू झालं, मधूनच, अर्ध्या ओळीपासून. फोनमध्येही तेच गाणं. त्याची आई बोलायची थांबली. मी एका कानाने खिडकीतलं ऐकत होते, एका कानाने बडवानीकडचं, आणि फोनमधलं किंचित मागे होतं.